आमचा दादा

‘मामेभाऊ’ या शब्दाने नाते कळते. जिव्हाळा कळत नाही. दादा आमच्याहून अवघ्या दोन वर्षांनी मोठा. पण बालपणी ते अंतर केवढे थोर वाटे! पोहणे, आंब्यावर चढणे, भरती-ओहोटीची वेळ ओळखणे या साऱ्या विद्यांत तो आमचा पहिला गुरू.

आमचे आजोळ मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावर. 1996 ते 2003 पर्यंतचा प्रत्येक मे महिना आम्ही तेथे घालविला. जुन्या गोव्याहून फेरीबोट पलीकडे लागली, की धक्क्यावर दादा उभा असावयाचाच. मग दिवसभर खाजन शेतांच्या बांधांवरून भटकणे, कुर्ल्यांची बिळे धुंडाळणे आणि संध्याकाळी आजीची बोलणी खाणे, हा आमचा नित्यक्रम!

खाजन म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल जमीन. बांधात ‘मानस’ नावाची लाकडी दारे असतात. भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले, की ती आपोआप मिटतात. ओहोटी लागताच आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. पावसाने मातीतील खार धुऊन निघाला, म्हणजे तेथे कोरगुट भात पिकते. बांध फुटला, तर मात्र खारे पाणी शिरून पुढील पिकांचीही आशा मावळते. हे सारे आम्ही पुस्तकात नव्हे, दादाच्या शेजारी उकिडवे बसून शिकलो.

2004 साली मामांनी अंथरूण धरले आणि दादाची शाळा सुटली. आम्ही पुढे महाविद्यालयात गेलो; तो चिखलात उतरला. पदवी मिळाल्यावर पेढे घेऊन आम्ही आजोळी गेलो, तेव्हा आम्हांस अवघडल्यासारखे झाले होते. ते ओळखून तो हसत म्हणाला, “तूं पुस्तकां सांबाळ, हांव बांद सांबाळटां.” त्या बोलण्यात असूयेचा लवलेशही नव्हता.

2021 च्या मे महिन्यात साथीने त्यास नेले. ज्या महिन्याची आम्ही वर्षभर वाट पाहत असू, तोच हा महिना! अखेरची भेटही झाली नाही.

घरी कोकणीत बोलावे आणि पत्र मराठीत लिहावे, हा आमच्या घराण्याचा परिपाठ. दादाची पत्रे चार-सहा ओळींचीच असत: पाऊस किती झाला, बांध कसा आहे, तू केव्हा येतोस. ती आम्ही जपून ठेविली आहेत. आता त्याचा मुलगा आम्हांस विचारतो, “बाबा लहानपणी कसे होते?” त्याच्यासाठीच हे थोडेसे लिहिले.

बालमित्रांनो, येत्या सुट्टीत तुम्हीही आजोळी जाल. तेथील भावंडांसमवेत शेते-बांध पायांखाली घाला आणि त्यांना जे ठाऊक आहे, ते त्यांच्याच तोंडून ऐकून घ्या.