बरगडी गेली, कळ राहिली

आमच्या इंदूरच्या रामबागेत ऑपरेशन झालं की दुखणं संपलं, असा हिशेब असतो. टाके निघाले, सत्यनारायण झाला, सुटलो! माझ्या ऑपरेशनला सव्वा वर्ष झालं. दूधवाल्या भैयापासून माहेरच्या वहिनीपर्यंत सगळे विचारतात, "अब तो ठीक हो ना?" व्रण मंगळसूत्राशेजारी दिसतसुद्धा नाही, मग दुखतंय कुठे?

दुखतंय उजव्या करंगळीत. आजाराचं नाव थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा गळ्याजवळचं आडवं हाड आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेनं जातात, तिथे माझ्या दाबल्या गेल्या होत्या. रात्री दहाला सराफ्यात गाडी घातली की जे होतं, तेच. डॉक्टरांनी पहिली बरगडी काढली, वाट मोकळी झाली. पण वर्षानुवर्षं चेपलेली नस लगेच कशी शांत व्हावी? इजा झालेली नस वाढते दिवसाला साधारण 1 मिलिमीटर. मी शिवणाची टेप घेऊन मानेपासून करंगळीपर्यंत मोजलं. 72 सेंटिमीटर! म्हणजे जवळजवळ दोन वर्षं, आणि तरी पूर्ण भरून येईलच असं कुणी लिहून देत नाही.

तोवर काय? रात्रीच्या गोळीनं झोप लागते, पण सकाळी डोकं जड असतं. बधिर कातडीवर आधी कापूस, मग मलमल, मग टॉवेल फिरवायचा, म्हणजे स्पर्शाची सवय होते. पर्स डाव्या हातात. हात वर करून कपडे वाळत घालणं बंद. ते काम आता हे करतात, समोरच्या गॅलरीतल्या बायका रोज बघतात, बघू देत.

सगळ्यात अवघड म्हणजे दुखायच्या आधी थांबायचं. आपल्या बायकांना हे कुणी शिकवलेलंच नाही. अंग मोडेपर्यंत पोळ्या लाटायच्या आणि मग बाम चोळायचा, हीच आपली रीत.

भजनी मंडळात पेटी मात्र सोडली नाही. करंगळी वगळून 15 मिनिटं वाजवते, मग जाऊबाई बसतात. मागच्या एकादशीला सवयीनं करंगळी वरच्या सा वर गेली. कोपरापर्यंत चटका बसला, पण सूर लागला. जाऊबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न बोलता पेटी स्वतःकडे ओढली. अजून पाच मिनिटं बाकी होती माझी.