लाहूलचे पायमोजे

मनालीहून निघालेली मोटार सोलंगचे खोरे मागे टाकून अटल बोगद्याच्या तोंडाशी येते, तेव्हा दोन्ही बाजूंस देवदारांची दाटी असते. ९.०२ किलोमीटरांचा हा बोगदा दहा-बारा मिनिटांत संपतो आणि आपण पलीकडे बाहेर पडतो, ते जणू निराळ्याच मुलुखात. राखी रंगाचे उघडे डोंगर, त्यांच्या माथ्यावर बर्फ, खाली चंद्रा नदीचे गढूळ, घाईचे पाणी, आणि पाण्याच्या आधाराने उभी असलेली विलो व पॉप्लर यांची रांग. हाच हिमाचल प्रदेशातील लाहूल. ३ ऑक्टोबर २०२० रोजी हा बोगदा खुला होईपर्यंत येथे यावयाचे म्हणजे ३,९७८ मीटर उंचीचा रोहतांग घाट चढून यावे लागे, आणि वर्षातील जवळजवळ निम्मे दिवस तो बर्फाखाली गाडलेला असे.

सिस्सू, गोंधला अशी गावे घेत रस्ता तांडीस पोहोचतो. तेथे भागा नदी चंद्रेला मिळते व पुढे दोघी चंद्रभागा या नावाने वाहतात. सखल प्रदेशात आपण जिला चिनाब म्हणतो ती हीच. पंढरपूरच्या चंद्रभागेची आठवण आल्यावाचून मराठी प्रवाशाचे पाऊल येथून पुढे पडत नाही. तांडीपासून भागेच्या काठाकाठाने थोडे वर गेले की केलाँग लागते. लाहूल-स्पिती जिल्ह्याचे हे मुख्य ठिकाण. जिल्हा विस्ताराने सुमारे १३,८०० चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या शिरगणतीत माणसे अवघी ३१,५६४.

या विरळ वस्तीच्या प्रदेशात प्रथम नजरेत भरतात ते येथील बायांचे हात. बसची वाट पाहणारी बाई विणीत असते. दुकानाच्या पायरीवर बसलेली विणीत असते. पाठीवर गवताचा भारा घेऊन चढण चढणारी म्हातारीही छातीशी चार सुया धरून विणीत असते. तिची नजर वाटेवर असते, सुयांवर नव्हे. आपल्याकडील जुन्या घरांतून आजी गप्पा मारता मारता वाती वळीत असे, आणि वात किती लांब झाली हे तिला बोटांनीच कळे. त्याच जातीचे हे कौशल्य आहे. फरक इतकाच की येथे हातून उतरतो तो पायमोजा, आणि त्यात शेकडो टाक्यांचा हिशोब असतो.

लोकर कातणे आणि मागावर विणणे हे हिमालयातील जुने उद्योग. पण सुयांवरच्या विणकामाची लाहूलमधील कथा एका परदेशी घराशी जोडलेली आहे. मोरेव्हियन पंथाच्या जर्मन मिशनऱ्यांनी १८५६ च्या सुमारास केलाँग येथे ठाणे वसविले. त्यांपैकी ऑगस्ट विल्हेल्म हायडे यांच्याशी विवाह करण्यासाठी मारिया हार्टमान ही तरुणी १८५९ साली येथे आली. या मारियाबाईंनी येथील मुलींसाठी विणकामाची शाळा चालविली. घर, मुले, आजारी माणसे, पाहुणे आणि मिशनचे काम हे सारे सांभाळून तिने ती चालविली, आणि हायडे दांपत्य चाळीसएक वर्षांनी केलाँग सोडून गेल्यावरही शिकविलेली विद्या मागे उरली. मिशनचा धर्म या खोऱ्यात फारसा रुजला नाही. सुया मात्र रुजल्या. लाहूलच्या बायांनी त्यांवर आपले रंग चढविले, आपल्या आकृती बसविल्या, आणि आज त्या विणीत परकेपणाचा मागमूसही राहिलेला नाही.

हा पायमोजा जवळून पाहण्यासारखा असतो. दोन्ही टोकांना निमुळत्या असलेल्या चार-पाच सुयांवर तो गोल विणला जातो, म्हणून त्यास कोठे शिवण नसते. पोटरीवरच्या भागात लाल, पिवळा, हिरवा, काळा, पांढरा अशा भडक रंगांचे भूमितीय पट्टे असतात, तर अनेक जोड्यांत पाऊल साधे ठेवलेले असते. नक्षीच्या भागात एका वेळी दोन रंगांचे धागे चालतात. एकाचा टाका पडत असता दुसरा मागून जातो, त्यामुळे कापड आपोआप दुपदरी होते व ऊबही दुप्पट राहते. मात्र मागचा धागा जरा ताणला गेला की मोजा आवळतो, आणि इतक्या सुंदर नक्षीचा मोजा टाचेवरून वर चढतच नाही.

केलाँगच्या अलीकडील एका गावी मी ज्या घरी उतरले होते, तेथील गृहिणी सकाळी अंगणवाडीत काम करीत, दुपारी वाटाण्याच्या शेतात जात, आणि संध्याकाळी आम्हां पाहुण्यांचा स्वयंपाक करीत. त्यांच्या घरात ठिकठिकाणी अर्धवट विणकामे पडलेली पाहून प्रथम मला तो पसारा वाटला. दोन दिवस मुक्काम झाल्यावर कळले की त्यात मोठी शिस्त आहे.

दाराशी खुंटीला टांगलेल्या पिशवीत असे ते साध्या पावलाचे विणकाम, एका रंगाचे आणि गोल गोल जाणारे. त्यात मोजणे नाही, म्हणून ते चालताना, बसमध्ये, अंगणवाडीच्या बैठकीत, कोठेही चालते. बाहेर पडताना जसा आपला हात छत्रीकडे जावा तसा त्यांचा हात त्या पिशवीकडे जाई. दुसरे विणकाम खिडकीशी एका टोपलीत. ते नक्षीचे; त्यास उजेड हवा आणि मन हवे, म्हणून ते दिवेलागणीपूर्वीच्या तासाभरासाठी राखलेले. तिसरे तंदूरजवळ. लाहूलमध्ये तंदूर म्हणजे भाकरीची भट्टी नव्हे; खोलीच्या मध्यभागी ठेवलेली, धुराडे छपरातून बाहेर काढलेली पत्र्याची शेगडी. तिच्याभोवती हिवाळ्यात सारे घर गोळा होते. तेथे हातमोजे चालू असत. हातमोज्याचे बोट लहान, चहा उकळेपर्यंत एखादे वीतभर पुढे सरकते असे नाही, पण चार फेऱ्या होतात. आणि चहा उतू जाऊ लागला तर टाकून उठता येते.

टाकून उठण्याचीही रीत आहे. सुईवरील टाके अर्धे असता उठावयाचे नाही; सुई पुरी करावयाची, मगच हात सोडावयाचा. नाही तर टाके निसटतात आणि न निसटले तरी त्या जागी वीण सैल पडते. नक्षीत तर पुरी फेरी झाल्याशिवाय खाली ठेवणेच नाही. कोणत्या फेरीवर थांबलो याची खूण म्हणून बाई तेथे निराळ्या रंगाच्या धाग्याचा तुकडा अडकवीत. रडणारे मूल, दारी आलेला शेजारी, पातेल्यातील दूध, यांपैकी कोणाला एक सुईभर थांबविता येते आणि कोणाला नाही, हे त्यांना अचूक ठाऊक होते.

या सर्व कामांत एक टप्पा असा की जो कोणत्याही दुसऱ्या कामाबरोबर होत नाही. तो म्हणजे टाच. गोल चाललेली वीण येथे थांबते. निम्मे टाके बाजूस ठेवून उरलेल्यांवर पुढे-मागे जावे लागते, ठरावीक जागी टाके कमी करावे लागतात. एक टाका चुकला की मोजा पायात एका अंगास फिरतो. म्हणून टाचेपर्यंत आलेले मोजे बाई एका डब्यात जमवून ठेवीत. मी पाहिले तेव्हा त्या डब्यात पाच मोजे टाचेची वाट पाहत होते. एखाद्या दिवशी पाऊस पडून शेतीचे काम बंद राहिले, मुले शाळेत गेली, घर शांत झाले, म्हणजे त्या दार लोटून बसत आणि पाठोपाठ साऱ्या टाचा वळवीत. तेवढा वेळ त्या कोणाशी बोलत नसत.

आणि या साऱ्यांच्या तळाशी, एका पेटीत, धाकट्या मुलाचा स्वेटर होता. दोन हिवाळ्यांपूर्वी सुरू केलेला. गिऱ्हाइकाची जोडी पुढे येई आणि स्वेटर मागे पडे. दरम्यान मुलगा वाढला. मी तेथे असतानाच बाईंनी तो निम्मा उसवला. उसवलेली लोकर कुरळी होते, तशीच विणली तर वीण वेडीवाकडी दिसते. म्हणून त्यांनी तिची लड केली, कोमट पाण्यातून काढली आणि खाली एक लहानसे वजन बांधून ती वाळत घातली. मुलगा खाली बसून त्या टांगलेल्या लडीला झोके देत होता. "बहेनजी, या वर्षी बाह्या घालीन," त्या मला म्हणाल्या. मुलाने यावर काही विश्वास दाखविला नाही.

एक जोडी विणण्यास किती वेळ लागतो, असे मी त्यांस विचारले. त्या बराच वेळ विचार करीत राहिल्या. मग म्हणाल्या, "केलाँगच्या दोन खेपा, एक लग्न, आणि चार संध्याकाळी." हे उत्तर मला फार खरे वाटले, आणि काहीसे अस्वस्थ करणारेही. कारण तास मोजलेच जात नाहीत म्हणून त्यांचे मोलही होत नाही. बसमध्ये बसलेलीच आहे तर विणते आहे, लग्नात बसलेलीच आहे तर विणते आहे, असा हिशोब घेणारा करतो, आणि खरे सांगावयाचे तर विणणारीही करते. जोडीची किंमत ठरते ती लोकरीच्या भावावर थोडे चढवून. फावल्या वेळचे काम म्हणून ज्याला आपण म्हणतो, तो वेळ फावलेला मुळी नसतोच. दुसऱ्या कामाच्या अंगावर दुमडून घातलेला तो वेळ असतो, आणि त्याचा शीण दुप्पट असतो. आपल्याकडील बाळंतविड्यातील कुंची-मोजे विणणाऱ्या आत्या-मावश्यांना हे पटेल. त्यांना निदान मजुरी अपेक्षित नसते. येथे मात्र त्या पैशांवर मुलांची वह्या-पुस्तके येतात.

बोगद्याने या हिशोबात नवी अडचण आणली आहे. पूर्वी रोहतांग बंद झाला की हिवाळा लांबच लांब पडे. शेतात काम नाही, बाहेर जाणे नाही. गव्हाणीत गुरे आणि तंदूरभोवती माणसे. वर्षाचे बरेचसे विणकाम त्या महिन्यांत उरकत असे. त्या दिवसांचे गोडवे गाणारे प्रवासी मला भेटले आहेत. त्यांनी अडलेल्या बाळंतिणीला हेलिकॉप्टरची वाट पाहत, आकाश निवळण्याची वाट पाहत ठेवणाऱ्या घरच्यांशी बोलावे. बोगदा झाला हे उत्तमच झाले, असे मला भेटलेल्या प्रत्येक स्त्रीने सांगितले. परंतु आता हिवाळ्यातही बर्फ पाहण्यासाठी सिस्सूपर्यंत मोटारी येतात, घरोघर पाहुण्यांसाठी खोल्या झाल्या आहेत, आणि पाहुणा म्हटला की गरम पाणी, चहा, जेवण, अंथरूण आले. म्हणजे मोजे विकत घेणारे वाढले आणि मोजे विणण्याचा वेळ त्यांनीच घेतला. अंगणवाडी, शेत, पाहुणे आणि सुया यांत सर्वांत मुकाट असल्याने सुयाच मागे हटतात.

लोकरही बदलली आहे. उन्हाळ्यात गद्दी धनगर आपले कळप घेऊन डोंगर ओलांडून लाहूलच्या कुरणांत येतात. पण आता सुयांवर गिरणीतून रंगवून आलेली लोकर असते, आणि स्वस्त मोज्यांत कृत्रिम धागाही शिरला आहे. रंग त्यात अधिक झगझगीत दिसतात, हात मऊ लागतो, घाम मात्र शोषला जात नाही. २०२१ साली लाहूलच्या विणलेल्या पायमोज्यांना व हातमोज्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. नाव राखण्यास त्याची मदत होईल. यंत्रावरची नक्कल मनालीच्या बाजारात याच नावाने मांडलेली असली तर ती ओळखण्याचे काम मात्र घेणाऱ्यालाच करावे लागते. मोजा उलटा करून पाहावा. हातच्या विणीत मागून गेलेले धागे दिसतात, त्यांची लांबी नक्षीप्रमाणे कमीजास्त असते, आणि जोडीतील दोन मोजे अगदी तंतोतंत सारखे कधीच नसतात. एक बसमध्ये विणलेला असतो, एक घरी.

या बाजूस जाणाऱ्या वाचकांनी शक्य तर गावातच, विणणाऱ्या बाईकडूनच मोजे घ्यावेत व घासाघीस करू नये. पावलाचा आकार कागदावर काढून नेल्यास माप बरोबर येते. जोडी त्याच दिवशी मिळेल अशी अपेक्षा नसावी. पाऊस पडून टाचा वळविल्या जाईपर्यंत धीर धरावा लागतो, आणि टपालाने ती मागाहून येऊ शकते. मोजे रिठ्याच्या थंड पाण्यात धुवावेत, पिळू नयेत. टॉवेलात दाबून पाणी काढावे आणि सावलीत सपाट पसरावेत, टांगल्यास ते लांबतात. सर्वांत आधी झिजते ती टाच. ती तेवढीच उसवून नव्याने घालता येते, म्हणून त्या रंगाची थोडी लोकर जोडीबरोबरच मागून घ्यावी.