अंग सोड!

भित्र्या माणसांचे दोन प्रकार असतात. पहिला प्रकार सरळ "मला भीती वाटते" म्हणतो आणि खाली बाकावर बसून सगळ्यांच्या पर्सा नि चपला सांभाळतो. दुसरा प्रकार म्हणतो, "छे, मला त्यात इंटरेस्टच नाही." अस्मादिक दुसऱ्या प्रकारातले. आमच्या सोनाळ्याला सोनाजी महाराजांच्या यात्रेत आकाशपाळणा यायचा, तेव्हापासून मला इंटरेस्ट नाहीये :-)

(सोनाळा म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलं, संग्रामपूर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. अंबाबरवा अभयारण्य तिथून जवळच. विदर्भाबाहेरच्या मित्रांना हे दरवेळी सांगावं लागतं, म्हणून आधीच सांगून ठेवलं.)

पण मुलगी आठ वर्षांची झाली की ही थाप चालत नाही. आम्ही सध्या सिंगापुरात असतो. इथल्या सेंटोसा बेटावर २०११ पासून इनडोअर स्कायडायव्हिंगचा एक उंच काचेचा बोगदा आहे. मुलांना सातव्या वर्षापासून घेतात. कन्येने कुठेतरी त्याचा व्हिडिओ पाहिला आणि अट घातली, "मी उडणार, पण आधी बाबा उडणार." बायकोने तत्परतेने फक्त दोनच तिकिटं काढली!

आता इंजिनिअर माणूस घाबरला की काय करतो? वाचत बसतो. मीही आठवडाभर तेच केलं, आणि खरं सांगतो, प्रकरण मोठं मजेशीर निघालं. माणूस विमानातून उडी मारतो तेव्हा त्याचा वेग वाढत वाढत ताशी साधारण १९० ते २०० किलोमीटरवर येऊन थांबतो. तिथे हवेचा विरोध आणि त्याचं वजन यांची बरोबरी होते. मग उलटं करायचं. माणूस जागेवर ठेवायचा आणि हवाच त्या वेगाने खालून वर सोडायची. झालं स्कायडायव्हिंग! अमेरिकेत ओहायोतल्या राइट-पॅटरसन हवाई तळावर १९६४ साली जॅक टिफनी नावाचा माणूस अशा उभ्या बोगद्यात पहिल्यांदा तरंगला. हौशी लोकांसाठीचे बोगदे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले.

मला वाटायचं खाली मोठा पंखा असेल आणि आपण त्याच्यावर. तसं नाही. पंखे वर असतात आणि ते हवा ओढून घेतात. खाली नुसती जाळी. उडायची जागा बोगद्यातली सगळ्यात अरुंद जागा असते, म्हणून तिथे हवा सगळ्यात जोरात वाहते. त्याच्या वर बोगदा रुंद होत जातो, हवेचा जोर कमी होतो, आणि त्यामुळे माणूस भलताच वर जात नाही. केबिनमध्ये बसलेला ऑपरेटर तुमच्या अंगकाठीप्रमाणे वेग कमीजास्त करतो. एकूण काय, डिझाइन व्यवस्थित आहे.

आणखी एक गोष्ट कळली. पाळण्यात पोटात जो गोळा येतो तो वेगामुळे नसतो, वेग बदलल्यामुळे असतो. कानाच्या आतल्या यंत्रणेला वेग कळत नाही, त्यातला बदल कळतो. बोगद्यात तुम्ही पडतच नाही, त्यामुळे गोळा येण्याचं काही कारणच नाही. म्हणजे मी ज्याला घाबरत होतो ती गोष्ट तिथे होणारच नव्हती. हे सगळं कागदावर अगदी पटलं. शनिवारी सकाळी तळहाताला घाम सुटायचा तो सुटलाच. शरीर लेख वाचत नाही, त्याला काय करणार?

तिथे गेल्यावर आधी सह्या घेतात. खांदा कधी निखळला होता का, हे आवर्जून विचारतात. मग अंगभर सूट, हेल्मेट, गॉगल, कानात बोळे. आत हवेच्या आवाजात काहीही ऐकू येत नाही, म्हणून चार खुणा शिकवतात. दोन बोटं सरळ म्हणजे पाय लांब कर. दोन बोटं वाकडी म्हणजे गुडघे वाकव. बोट वरच्या बाजूला म्हणजे हनुवटी वर. आणि अंगठा नि करंगळी उघडून हात हलवला की अंग सैल सोड.

ही चौथी खूण बघितली आणि मला आमची विहीर आठवली.

सोनाळ्याला पोहायचा क्लास वगैरे नव्हता. पाठीला बूच लावलेला रिकामा डबा, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काठावर बाबांच्या हातात. पाण्यात पडल्यावर पोर काय करतं? हातपाय झाडतं, उभं राहायला बघतं, आणि जितकं उभं होतं तितकं खाली जातं. बाबा वरून एकच वाक्य ओरडायचे, "आंग सोड! आंग सोड ना बे!" आज विचार केला तर लक्षात येतं की ते "भिऊ नको" असं एकदाही म्हणाले नाहीत. भिऊ नको म्हटल्यावर नेमकं करायचं काय? त्याचं काही बटण नसतं. अंग सोडणं मात्र करता येतं. भीत भीतसुद्धा करता येतं.

आपल्या पुण्याच्या शीतल महाजनने १८ एप्रिल २००४ रोजी आयुष्यातली पहिली उडी मारली ती थेट उत्तर ध्रुवावर, उणे ३७ अंशांत. बोगदा नाही, सराव नाही. २०११ साली तिला पद्मश्री मिळाली. अशी माणसं वेगळ्याच मातीची. आपल्यासारख्यांना डबा, दोर आणि प्रशिक्षक लागतो. असो.

माझा नंबर आला. दारात उभं राहायचं, हात डोक्याच्या बाजूला, आणि पुढे नुसतं झुकायचं. उडी मारायची नाही. ती एक सेकंद वाईट. पुढच्या क्षणी मी आडवा होतो आणि खालून कुणीतरी कडक गादी लावून धरल्यासारखं वाटत होतं. पण अंग लाकडासारखं. एकदा डावीकडच्या काचेकडे, एकदा उजवीकडे. प्रशिक्षकाने सूट धरून ठेवला होता आणि तो सारखा अंगठा-करंगळी हलवत होता.

एक खेप मिनिटभराच्या आत संपते. विमानातून उडी मारल्यावर पॅराशूट उघडेपर्यंत वेळही साधारण तेवढाच मिळतो म्हणे.

दुसऱ्या खेपेला मी फक्त श्वास सोडला आणि कंबर खाली जाऊ दिली. हात-पाय आपोआप वर आले. बॅडमिंटनचं फूल पडताना जड बाजू खाली ठेवून सरळ होतं ना, अगदी तसं. डुगडुगणं थांबलं. प्रशिक्षकाने हात काढून घेतला. चारेक सेकंद असेन मी एकटा हवेत. पाण्यातलं तरंगणं वेगळं, हे वेगळं. पाणी हवेपेक्षा जवळजवळ आठशे पट दाट, ते नुसतं असून तोलतं. हवेला त्यासाठी वादळ व्हावं लागतं. पण शरीराला फरक कळला नाही. त्याला एवढंच कळलं की खाली काहीतरी आहे, त्याच्यावर भार टाकला तरी चालतं.

बाहेर आलो तर कन्या बाकावर पांढरीफटक. ती इतका वेळ काचेतून माझा चेहरा बघत होती. भीती शिकवावी लागत नाही, पोरं ती आईबापाच्या चेहऱ्यावरूनच उचलतात. हाच माझा खरा घोर होता. "घाबरू नको" तोंडाशी आलं होतं, ते गिळलं. म्हटलं, "घाबर खुशाल. फक्त हनुवटी वर आणि अंग सोड."

ती झुकली. पहिल्याच खेपेत माझ्यापेक्षा बरी उडाली. पोरांची अंगं मुळातच सैल असतात, दुसरं काय!

रात्री सोनाळ्याला व्हिडिओ कॉल लावला. बाबांना बोगदा, जाळी, वरचे पंखे, सगळं रीतसर समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले,

"म्हंजे पंख्याखाली निजाचे पैसे देल्ले तुम्ही!"