कार्डांचा गठ्ठा

अमेरिकेतील विद्यापीठांत उपयोजित वर्तनविश्लेषण शिकणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याकडे पहिल्या सत्रापासूनच बहुधा कार्डांचा एक गठ्ठा साठू लागतो. कार्डाच्या एका बाजूला व्याख्या असते, दुसऱ्या बाजूला संज्ञा. ती पाठ करण्याची एक पद्धत वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी ऑग्डेन लिंड्सली यांच्या परंपरेतून आली. एक मिनिट लावायचे, व्याख्या पाहून संज्ञा मोठ्याने म्हणायची, चुकलेली कार्डे वेगळी ठेवायची, बरोबर आणि चूक असे दोन्ही आकडे आलेखावर मांडायचे आणि गठ्ठा पिसून दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचे. उत्तर बरोबर आले एवढ्यावर भागत नाही. ते किती चटकन आले हेही मोजले जाते. दुसऱ्याचे वर्तन मोजण्याआधी विद्यार्थी स्वतःचे मोजायला शिकतो. या शास्त्राचा प्रामाणिकपणा इथेच दिसतो.

पुढे प्रात्यक्षिक सुरू होते. वर्तनविश्लेषकाचे प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाच्या नियमानुसार देखरेखीखाली 2000 तास, किंवा अधिक सघन देखरेख असेल तर 1500 तास काम करावे लागते. अनेकांचे हे तास स्वमग्न मुलांसोबत जातात. गणिताची वही समोर आली की मूल ती भिरकावते, शिक्षिका वही उचलून ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी वही पुन्हा भिरकावली जाते. ‘ऋण प्रबलन’ असे लिहिलेले कार्ड तोवर कितीदा तरी हातावेगळे झालेले असते, पण त्याचा अर्थ इथे उमगतो. नको असलेले काम टळले म्हणून भिरकावणे टिकले. शिक्षिकेचेही तेच झाले: वही उचलताच आरडाओरडा थांबला, म्हणून तिची सवयही पक्की झाली. दोष कोणाचा हा प्रश्न मागे पडतो. काय बदलले तर मूल शिकेल, हा उरतो. या व्यवसायातली माणुसकी या दुसऱ्या प्रश्नात आहे.

त्यानंतरची प्रमाणपत्राची परीक्षा चार तासांची, 185 प्रश्नांची असते. त्यांतल्या 10 प्रश्नांना गुण नसतात, पण ते कोणते हे परीक्षार्थीला कळत नाही. व्याख्या थेट क्वचितच विचारली जाते; एखादा प्रसंग देऊन चार पर्यायांतून निवड करायला लावतात. त्यामुळे शेवटच्या टप्प्यात सारख्या दिसणाऱ्या संकल्पना शेजारी ठेवून ताडून पाहणे पाठांतरापेक्षा उपयोगी पडते. सराव परीक्षेत चुकलेल्या उत्तरांवरून नवी कार्डे बनतात. 1 जानेवारी 2025 पासून परीक्षेचा आराखडा बदलला असल्याने जुन्या टिपणांवर विसंबून चालत नाही. नापास झाल्यास 30 दिवस थांबून पुन्हा बसता येते.

उत्तीर्ण झाल्यावर दर दोन वर्षांनी 32 तासांचे पुढील शिक्षण दाखवून प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. 2023 पासून मंडळ मोजक्याच देशांतील रहिवाशांचे नवे अर्ज घेते आणि त्यांत भारत नाही. प्रशिक्षित माणसांची गरज असलेल्या आपल्यासारख्या देशाचे यात नुकसान झाले. अमेरिकेत शिकून परतू इच्छिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने म्हणूनच तिथे राहत असतानाच अर्ज केलेला बरा.