डोरलीची लांबची भावकी

पुणे,
भोगीच्या आदल्या दिवशी

ती. आजीस,


परवा फोनवर तू विचारलंस, "झाड जागच्या जागी उभं होतं ना? मग त्यात नवीन काय सापडलं?" तेवढ्यात काकाने मोटर चालू केली आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून हे पत्र. काकाकडून वाचून घे. मध्ये तो स्वतःचं काही घालेल, ते सोडून दे.

झाड आपल्याकडचं नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला नॉर्दर्न टेरिटरी नावाचा भाग आहे. तिथल्या जुडबारा-ग्रेगरी राष्ट्रीय उद्यानात वालुकाश्माचे कडे आहेत आणि त्यांतल्या एका माथ्यावर जायला पायऱ्यांची वाट आहे. त्या खडकाळ जागेत हे काटेरी झुडूप वाढतं. 2022 साली 'फायटोकीज' या नियतकालिकात त्याचं वर्णन छापून आलं आणि त्याला नाव मिळालं, सोलॅनम स्कॅलेरियम. स्कॅलेरियम म्हणजे शिडीचं. फुलांच्या दांड्यावर काटे शिडीच्या दांडक्यांसारखे ओळीने येतात, आणि वाटेवरच्या पायऱ्यांचीही त्यात आठवण आहे. वर्णन करणाऱ्यांत अमेरिकेतल्या बकनेल विद्यापीठाचे तनिशा विल्यम्स आणि ख्रिस मार्टीन होते, ऑस्ट्रेलियातले पीटर जॉब्सनही होते. बोलीतलं नाव ठेवलं गॅरार्नावुन बुश टोमॅटो. गॅरार्नावुन ही तिथल्या वार्डामन आणि नुंगाली-न्गालीवुर्रू लोकांची पिढ्यान्‌पिढ्या भेटीगाठीची जागा. इतकी माणसं जिथे येत-जात होती तिथलं झुडूप कुणाच्या पायाला टोचलंच नसेल, हे मला पटत नाही. तेव्हा तुझी शंका रास्त आहे, झाड जुनंच आहे. ते बाकीच्या भावकीपेक्षा वेगळं आहे हे कुणी नीट मांडलं नव्हतं.

भावकी म्हणजे आपल्या वांग्याचीच. वांगं, बटाटा, टोमॅटो ही सगळी सोलॅनम या एकाच घरातली. या घरात बाराशेहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या कित्येक काटेरी. आपल्या नसरापुरातही दोन आहेत, तू रोज बघतेस त्या. चेलाडी फाट्याकडच्या मुरमाड कडेला जमिनीला चिकटून पसरलेली भुईरिंगणी, आणि बांधावरची कमरेएवढी डोरली. भुईरिंगणीचे काटे पिवळे, सरळ, सुईसारखे, पानाच्या शिरांवरसुद्धा. फळ कच्चं असताना हिरवं-पांढरं नक्षीदार, पिकल्यावर पिवळं. डोरलीचे काटे वाकडे, साडीत अडकणारे. फळं झुबक्यानं लागतात आणि पिकून नारिंगी होतात. वैद्यांना दोन्ही लागतात, दशमुळातली कंटकारी म्हणजे भुईरिंगणी आणि बृहती म्हणजे डोरली. मागच्या वर्षी मुळ्या न्यायला आलेल्या माणसानं दोन्ही एकाच पोत्यात कोंबल्या तेव्हा तू त्याला कशी झापलीस! आमच्या वनस्पतिशास्त्राच्या खात्यात नेमकं हेच करतात, फक्त झापण्याऐवजी लेख लिहितात.

मात्र फरक डोळ्यांना दिसला म्हणजे काम संपलं असं होत नाही, काम तिथून सुरू होतं. काटे जास्त आहेत ते जमिनीमुळे की जातीमुळे? पान लहान आहे ते उन्हाने की मुळातच? यासाठी जुन्या संग्रहांतले वाळवलेले नमुने काढून, शेजारच्या सगळ्या जाती समोर ठेवून बघावं लागतं. सोलॅनमच्या पानांवरची लव भिंगाखाली चांदणीसारखी दिसते, तिचे फाटे आणि देठसुद्धा तपासतात. शेवटी एक नमुना कायमचा ठरवतात. वर्णन खरं की खोटं हे पुढे कुणालाही पडताळायचं झालं तर त्या एका कागदाकडे यावं लागतं. पूर्वी वर्णन लॅटिनमध्येच लिहावं लागे. 2012पासून इंग्रजीही चालतं. मराठी अजून चालत नाही. त्याचं मला वाईट वाटतं, पण ते राहू दे.

या ऑस्ट्रेलियन झुडपातली खरी गंमत फुलांत आहे. वांग्याची फुलं गळतात म्हणून तू कुरकुरतेस ना? पुढच्या वेळी गळलेलं फूल उचलून बघ. मधली दांडी पिवळ्या पुंकेसरांच्या आत दडलेली, आखूड असेल तर ते फूल बहुतेक फळ धरणारच नव्हतं. दांडी बाहेर डोकावते त्याच फुलाचं वांगं होतं. म्हणजे एकाच झाडावर काही फुलं कामापुरती नर. स्कॅलेरियम याच्या पुढे गेलं आहे. त्याची नर झाडं वेगळी आणि मादी झाडं वेगळी. पण मादी फुलाकडे बघितलं तर पिवळे पुंकेसर आहेत, परागही आहेत! फक्त त्या परागांना उगवण्यासाठी लागणारी छिद्रंच नाहीत, ते रुजतच नाहीत. मग कशाला ते? सोलॅनमच्या फुलात मध नसतो. माशी येते ती परागासाठीच. मादी फुलात पराग नसता तर ती तिथे फिरकलीच नसती. म्हणून हा नुसता खाऊ. याला मी फसवणूक म्हणणार नाही, मजुरी चोख दिली जाते.

आणि ती मजुरी कुणालाही मिळत नाही. वांग्याच्या फुलातले पराग पुंकेसराच्या टोकाच्या बारीक भोकातून पडतात, त्यासाठी फूल धरून अंग थरथरवावं लागतं. आपल्या मधमाशीला ते जमत नाही. काळा भुंगा फुलाला लटकून घूं करतो, तो पिठासारखा पराग झाडून घेत असतो. त्याला हाकलू नकोस, दाराच्या चौकटीला भोक पाडलं तरी.

काट्यांचंही एक नवीन कळलंय. हे काटे खोडाच्या आतून आलेले नसतात, सालीतून उगवतात. 2024 साली 'सायन्स'मध्ये अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या झकारी लिपमन यांच्या गटाचा लेख आला. वांग्यात, गुलाबात, अशा एकमेकांपासून फार दूरच्या झाडांतही काटे येण्यामागे एकाच घराण्यातली जनुकं आहेत आणि ती बिघडली की काटे जातात. माणसाने वांगी लावायला घेतल्यावर बिनकाट्याची झाडं निवडली ती अशीच, वेगवेगळ्या ठिकाणी. मग तू बाजारात देठाला काटे असलेलीच वांगी का शोधतेस? चवीसाठी, हे मला ठाऊक आहे. भोगीच्या भाजीत बिनकाट्याचं वांगं घातलं तर तू नुसता रस्सा ओरपून उठतेस.

शास्त्रज्ञांचीही गोची होते बरं. तुझ्या भुईरिंगणीला 1753 साली लिनियसने 'व्हर्जिनियानम' म्हटलं, म्हणजे अमेरिकेतल्या व्हर्जिनियाची! आपल्या मुरमावरची ही बाई तिकडची कधीच नव्हती, पण पहिलं नाव म्हणून तेच चालतं. 'सुरत्तेन्स' आणि 'झँथोकार्पम' ही नावं मागे पडली. डोरलीचं 'इंडिकम' हे नाव तर बाद झालं, कारण लोक ते वेगवेगळ्या झाडांना लावत होते.

ऑस्ट्रेलियापर्यंत जायलाच हवं असंही नाही. पुण्याजवळ तळेगाव दाभाड्याच्या गवताळ माळावर आदित्य धारप यांना एक झाड वेगळं वाटलं. आघारकर संशोधन संस्थेच्या मंदार दातार यांच्या गटाने ते तपासलं आणि डायक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा ही नवी जात जाहीर झाली. पावसाळा सरल्यावर एकदा फुलते आणि उन्हाळ्यात वणवा लागून गेल्यावर पुन्हा एकदा. गवत जाळणाऱ्या गुराख्यांनी ती फुलं बघितली असतीलच, त्यांना कुणी विचारलं नाही. तुझ्या माहेरी मार्गासनीला, तोरण्याकडच्या कातळांवर काय काय "रिंगणीच ती" म्हणून सोडून दिलंय, कोण जाणे.

म्हणून एक काम सांगते. मागे तू म्हणालीस, ओढ्याच्या वरच्या बांधावरच्या डोरलीचं पान इतर डोरल्यांपेक्षा मऊ आहे आणि काटा सरळ आहे. बहुधा साधा फरक निघेल, मी आशा लावून बसलेली नाही. तरी फूल आणि फळ दोन्ही असलेली वीतभर फांदी कापून वर्तमानपत्रात घाल, वर पाट ठेवून त्यावर जात्याची तळी ठेव. कागद रोज बदलायचा, नाहीतर बुरशी येते. एका चिठ्ठीवर काकाकडून लिहून घे: जागा, तारीख, झाडाची उंची, जमीन कशी, आणि फुलाचा रंग ताजं असतानाच, कारण वाळल्यावर तो राहत नाही. तुझ्या तोंडचं नावही लिही. काका सोमवारी मंडईत येतोच, त्याच्याकडे दे. पुडकं वांग्यांच्या पाटीखाली ठेवू नको म्हणावं, गेल्या खेपेला सगळं चेपलं होतं.

तुझी,
नात