चमक शेवटी

मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते फार लांबून आणावंही लागत नाही. डेट्रॉइट शहराच्या पोटातच, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे. ॲल्युमिनियमच्या चाकांचा खरा वैरी हे मीठच.

लोखंडाचा गंज लगेच दिसतो. ॲल्युमिनियमचं तसं होत नाही. कारखान्यातून आलेल्या चाकावर पारदर्शक थर असतो. उडालेला एखादा खडा किंवा टायरवाल्याच्या अवजाराचा ओरखडा, एवढं निमित्त तो फुटायला पुरतं. खारं पाणी त्या फटीतून आत शिरतं आणि थराखाली पांढऱ्या नागमोडी रेषा सरकत जातात. मग कितीही धुवा, चाक पारोसंच दिसतं.

माझी पिकअप 2003 ची सिल्व्हराडो. मित्र म्हणतात, "अहो, नवीन चाकं घ्या की, किती घासाल!" हिशेबाने त्यांचंच बरोबर आहे. पण मूळ चाक शाबूत असताना ते भंगारात टाकणं माझ्या जिवावर येतं. शाबूत मात्र हवं. तडा गेलेलं चाक घरी सांधायच्या भानगडीत पडू नये.

बहुतेक लोक दर्शनी बाजूपासून सुरुवात करतात. मी टायर उतरवून घेतो आणि आधी आतली कड बघतो, जिथे टायर रिमला चिकटून बसतो. टायरची हवा हळूहळू उतरते आणि पंक्चर काही सापडत नाही, तेव्हा बऱ्याचदा दोष इथे असतो. या कडेवर पांढरी, खरखरीत खपली धरते आणि तिच्या खालून हवा निसटते. नायलॉनच्या घासणीने ती काढायची, बोट फिरवून बघायचं, पुन्हा घासायचं. डोळ्यांपेक्षा बोटाला लवकर कळतं. घासण्याच्या भरात धातू मात्र खरवडायचा नाही. मागची बाजूही तितकीच महत्त्वाची. पोलादी हब आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारं पाणी साचलं की ॲल्युमिनियम झिजतं आणि चाक हबला असं घट्ट धरतं की लाथा घालाव्या लागतात. तिथे साफसफाई करून अँटी-सीझ वंगणाचा अगदी पातळ हात द्यावा. नटाच्या आट्यांना तो लावू नये.

मग चमक. जुना थर काढायला ओव्हन क्लीनर वापरू नका. त्यातला कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो. थर निघाला की वॉटर पेपर : 320, 400, 600, असं करत 2000 पर्यंत. प्रत्येक कागदाला दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या रेघा उरल्यात का ते दिसतं. मधला एखादा कागद गाळला तर गॅरेजमध्ये कळत नाही, उन्हात चाक चुगली करतं. शेवटी पॉलिश. चिंधी काळीकुट्ट होते. तो मळ नव्हे, धातूच आहे.

वरून पुन्हा पारदर्शक थर द्यावा का? माझं मत विचाराल तर नको. आरशासारख्या गुळगुळीत धातूवर तो नीट धरत नाही, आणि एकदा सुटला की पुन्हा तेच नागमोडी दुखणं. उघडं ठेवावं, दर वसंतात पॉलिश करावं, आणि हिवाळ्यात जमलं तर साधी लोखंडी चाकं चढवावीत.

चाक बसवताना नट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळा. माझ्या गाडीला 140 फूट-पाउंड लागतात; तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत बघा. आणि साधारण 80 किलोमीटर चालवून झाल्यावर टॉर्क रेंच पुन्हा एकदा लावाच.