हरणाच्या नाकापुढे

माझा भाचा अमेरिकेत पेनसिल्वेनियात असतो. ऑक्टोबरात तिथे धनुष्यबाणाने हरणे मारायचा परवान्याचा हंगाम असतो. त्याची तयारी ऐकून मला आजीचे सोवळे आठवले. कपडे बिनवासाच्या साबणाने धुवायचे, बाहेर वाऱ्यावर वाळवायचे, झाकणाच्या डब्यात ठेवायचे आणि रानाशी पोचल्यावरच अंगात घालायचे. पायांत रबरी बूट. सेंट, सिगारेट वर्ज्य!

एवढा खटाटोप का? बंदूकवाल्याला लांबून जमते. बाण साधारण वीस-तीस यार्डांवरून सोडावा लागतो. तेवढ्यावर नायलॉनची सळसळही हरणाला ऐकू जाते, म्हणून लोकर किंवा फ्लीस. गंमत म्हणजे हरणाला केशरी रंग नीट कळत नाही, निळा मात्र चांगला दिसतो. त्यामुळे शुभ्रतेची पावडर लावलेले कपडेही त्याला खुपतात. आणि इतके करून वारा आपल्याकडून हरणाकडे वळला की सगळे फुकट. माणसाचा वास पुरता जात नाहीच.

भाचा म्हणतो, "मामा, एकदा बसा माझ्यासोबत." बसेन, पण बाण सुटताना बघवणार नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, ते बरेच झाले. तरी हे सोवळे आपण उचलावे असे वाटते. म्हादईच्या रानात मेरू, भेकर बघायला आपण निळे टीशर्ट घालून, सेंट फवारून, गप्पा मारीत जातो आणि वर म्हणतो, "गोव्याच्या रानात जनावरेच उरली नाहीत!" उरली आहेत हो. आपण पोचण्याआधी आपला वास पोचतो, एवढेच.